स्प्रिंग-दट्ट्याची एअर रायफल व छर्र्याच्या वजनाची निवड

शक्तिशाली स्प्रिंग-चलित एअर रायफलमध्ये मोकळी झालेली स्प्रिंग दट्ट्यास पुढे ढकलते आणि दाबल्या गेलेल्या हवेमुळे छर्रा सुटतो. छर्रा फार हलका असल्यास तो लवकर निसटतो. दट्ट्यास हवेची गादी मिळत नाही व तो सिलिंडरच्या टोकावर आदळून सील आणि स्प्रिंगची हानी होते. छर्रा फार जड असल्यास दट्ट्या उलट उसळतो, वेग घटतो व छर्र्याचा मार्ग अधिक वाकतो. दोहोंची ऊर्जा १६ जूल मानल्यास ०.५१ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २५० मीटर, तर ०.६८ ग्रॅमचा सुमारे २१७ मीटर वेग घेतो. तथापि केवळ वेग हा निकष नव्हे. मध्यम वजनाचे विविध छर्रे एकाच अंतरावरून तपासून, ज्यांचे वेध परस्परांच्या सर्वांत जवळ पडतात, तेच निवडणे इष्ट ठरते.