पाटीआधी टाळ्यांचा खेळ

चार वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला बसवण्याची घाई अनेक घरांत दिसते. पण वाचनाची तयारी डोळ्यांआधी कानांत होते. ‘बाहुली’ हा शब्द बा-हु-ली असा सुटा करता येतो आणि ‘बादली’चीही सुरुवात ‘बा’नेच होते, हे ऐकून कळणे म्हणजे ध्वनिजाणीव.

ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये या विषयावरचे संशोधन प्रसिद्ध केले. चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना यमक आणि सारखे आवाज चांगले ओळखता येत होते, ती मुले पुढे वाचनातही सरस ठरली. आवाजांच्या खेळाला अक्षरांची जोड दिली, तेव्हा फायदा आणखी वाढला.

मराठी मुलांसाठी हे सोयीचे आहे. आपल्या लिपीत ‘बा’, ‘हु’, ‘ली’ हे तोंडातले तुकडे कागदावरही वेगवेगळे दिसतात.

त्यासाठी महागडी खेळणी नकोत. कोथिंबीर निवडताना को-थिं-बीर अशा टाळ्या वाजवा. गाडी, साडी, माडी अशी यमके जुळवा. ‘पाऊस’मधला ‘पा’ काढला तर काय उरते, असे विचारा. ‘ऊस!’ हे उत्तर मुलाला स्वतःच शोधू द्या. मग खडूने जमिनीवर मोठा ‘पा’ काढून त्यावर उडी मारायला सांगा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते परिसरातल्या साध्या वस्तूंच्याच आधाराने. रोजची दहा मिनिटे मुलाशी असे खेळा. गिरवणे थोडे उशिरा आले तरी चालेल.