चक्का, काकडी आणि ग्रीस

ग्रीस म्हटलं की आपल्याला पायथागोरस, आर्किमिडीज आणि फर्स्ट इयरपासून मानगुटीवर बसलेली अल्फा-बीटा-गॅमा मंडळी आठवतात. पण त्याच ग्रीसमधल्या साध्या खानावळीत (तिकडे 'टॅव्हर्ना' म्हणतात) बसलात, की पावाबरोबर एक पांढरी, घट्ट, लसणाचा वास मारणारी वाटी समोर येते. तिचं नाव त्झात्झिकी. उच्चार पहिल्या झटक्यात जमला तर व्हायवाची भीती बाळगायचं कारण नाही! घट्ट दही, काकडी, लसूण, ऑलिव्ह तेल, थोडं व्हिनेगर, मीठ. संपली सामग्री.

"म्हणजे आपली काकडीची कोशिंबीरच की!" असं तुम्ही म्हणणार. नाही हो. कोशिंबीर थोडी सैल असली तरी चालते, ती भाताबरोबर जाते. त्झात्झिकी पावाच्या तुकड्यावर उचलता आली पाहिजे. म्हणजे सगळा खेळ पाणी काढण्याचा. आणि पाणी दोन ठिकाणी दडलेलं असतं.

पहिलं दह्यात. दुधाचा पीएच साधारण 6.6. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात, पीएच उतरत 4.6 च्या आसपास आला की केसीन या प्रथिनाच्या कणांवरचा विद्युतभार जवळजवळ शून्य होतो. एकमेकांना ढकलणारे कण मग हातात हात घालतात आणि त्यांची जाळी तयार होते. पाणी त्या जाळीत अडकलेलं असतं, म्हणून दही लागलेलं दिसतं. आता तेच दही फडक्यात बांधून टांगा. पाणी खाली, जाळी वर. आपली आजी याला चक्का म्हणते आणि त्याचं श्रीखंड करते, ग्रीक माणूस याला 'स्त्रागिस्तो' म्हणजे गाळलेलं दही म्हणतो. साध्या दह्यात प्रथिनं शंभर ग्रॅमला 3 ते 3.5 ग्रॅम, चांगल्या गाळलेल्या दह्यात 8 ते 10. जिमवाल्या मित्रांनो, महागड्या डब्यावर 'ग्रीक योगर्ट' लिहिलेलं असतं त्यातली मुख्य करामत एवढीच.

या नावावरून कोर्टबाजीसुद्धा झाली आहे. अमेरिकेत बनवलेलं दही 'ग्रीक योगर्ट' म्हणून इंग्लंडमध्ये विकायला आणलं तेव्हा फाये या ग्रीक कंपनीने चोबानी या अमेरिकन कंपनीला कोर्टात खेचलं. 2013 मध्ये निकाल फायेच्या बाजूने लागला आणि 2014 मध्ये अपिलातही टिकला. गंमत म्हणजे चोबानीचा संस्थापक हमदी उलुकाया मूळचा तुर्कस्तानातला. आणि त्झात्झिकी हा शब्द ग्रीकांनी घेतला तोही तुर्की 'जाजिक'वरून! तुर्कांचं जाजिक मात्र बऱ्याचदा पाणी घालून पातळ केलेलं, गार सूपसारखं वाटीतून चमच्याने खायचं. शब्द एक, पण पाण्याबद्दलचं मत अगदी उलट.

दुसरं पाणी काकडीत. काकडीचं वजन शंभर धरलं तर त्यातलं सुमारे 95 पाणीच. किसून मीठ लावलं की बाहेर मिठाचं द्रावण तीव्र, पेशीच्या आत सौम्य, म्हणून पाणी पेशीच्या पडद्यातून बाहेर धावतं. ऑस्मॉसिस! अकरावीत व्याख्या पाठ केली होती ना, तेच.

याच ऑस्मॉसिसवरून आमच्या मेसमध्ये एकदा चांगलंच पेटलं होतं. काकडीची कोशिंबीर रोज पाण्यात पोहत यायची. तक्रारवहीत कुणीतरी लिहिलं, 'दह्यात पाणी घालून आम्हाला फसवतात.' खाली वीस सह्या. कमिटीत बिलातून पैसे कापायची भाषा सुरू झाली, म्हणजे शेवटी कोशिंबीर करणाऱ्या मावशींच्या पगारावरच येणार होतं. मी केमिकलचा, मला राहवेना. मीटिंगला एक ताटली घेऊन गेलो. त्यात फक्त किसलेली काकडी आणि मीठ, दह्याचा थेंब नाही. अर्ध्या तासाने ताटली तिरकी केली तर कडेला हे एवढं पाणी! मावशी कोशिंबीर दहा वाजता कालवून ठेवायच्या आणि आम्ही जेवायचो एक वाजता. तीन तास ते पाणी दह्यात उतरत होतं. वहीतली तक्रार कुणी खोडली नाही, पण पैसे कापायचा विषय मागे पडला. मीठ मात्र तेव्हापासून वाढायच्या वेळी पडतं.

ग्रीक माणूस याच्या उलट करतो. मीठ आधीच लावतो, सगळं पाणी काढून घेतो आणि मगच काकडी दह्यात घालतो.

आता कृती. एक किलो सायीचं दही (पिशवीतलंही चालेल) दुहेरी सुती फडक्यात बांधा, चाळणीत ठेवून खाली पातेलं लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर थंडीत नळाला टांगलेलं चालतं. एप्रिल-मे मध्ये खोलीवर हा उद्योग नको, सकाळपर्यंत दही आंबट ढाण होतं. कँटीनवाल्याशी गोडीने बोला, फ्रिजचा कोपरा मिळतो. अर्धा किलोच्या आसपास चक्का निघेल. खालचं पाणी टाकू नका, कणीक भिजवायला किंवा कढीत घालायला उत्तम.

दोन मध्यम काकड्या. आधी टोक चाखा, कडू असेल तर ती काकडी बाद. जून असेल तर बियांचा गर चमच्याने काढून टाका. जाड किसा, अर्धा चमचा मीठ चोळा, वीस मिनिटं थांबा. मग मुठीत धरून पिळा. हळुवारपणे नव्हे, जर्नलवर सही न देणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पिळा. पाऊण वाटी पाणी सहज निघतं.

लसणाच्या दोनच पाकळ्या, चिमूटभर मिठाबरोबर अगदी लगदा होईस्तोवर ठेचलेल्या. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ठेचल्यावर पेशी फुटतात, आतलं अलिइन आणि अलिइनेज हे विकर एकत्र येतात आणि तिखट वासाचं अलिसिन तयार होतं. दह्यात मुरल्यावर ते आणखी जाणवतं, म्हणून पाच पाकळ्यांचं शौर्य दाखवू नका. रूममेटचाही विचार करा.

चक्का, काकडी, लसूण, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक छोटा चमचा व्हिनेगर. चमच्यानेच कालवा, मिक्सर फिरवलात तर जाळी मोडून पातळ होईल. मीठ शेवटी चाखून. आणि वरून बारीक चिरलेला शेपू! हो, शेपूच. मेसमध्ये ज्याची भाजी पाहून अर्धं होस्टेल वडापावच्या गाडीकडे पळतं, तोच. कच्चा आणि चिमूटभर घातला तर तो काय चीज आहे ते कळतं. अगदीच वैर असेल तर पुदिना घाला, सायप्रसमध्ये तसं करतात आणि त्याला 'तालातुरी' म्हणतात.

तासभर गार करून खा. ग्रीसमध्ये हे भाजलेल्या मांसाबरोबर किंवा तळलेल्या दुधीसारख्या झुकिनीच्या कापांबरोबर खातात. आमच्याकडे रविवारच्या बटाट्याच्या पराठ्याबरोबर संपतं. उरलं तर झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, वर थोडं पाणी सुटेल तेवढं ओतून टाकायचं.