पोतं फुटलं, हिशेब जुळला?

भोर-वेल्ह्याचा इंद्रायणी तांदूळ पोत्यातून सुटा विकला तर जीएसटी शून्य; तोच पाच किलोच्या लेबल लावलेल्या पाकिटात भरला की 5 टक्के. 18 जुलै 2022 पासूनचा हा नियम. म्हणून तांदूळवाल्याने हिशेबाचं सॉफ्टवेअर घेताना पहिली परीक्षा हीच घ्यावी: 50 किलोचं पोतं फोडून दहा पाकिटं भरली, तर साठ्यातून पोतं वजा होऊन पाकिटं जमा होतात का?

मुंबईच्या ‘फ्रॅपे’ कंपनीच्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्तस्रोत प्रणालीत यासाठी ‘रीपॅक’ नावाची नोंदच आहे. ‘ग्नूकॅश’ हे दुसरं सॉफ्टवेअर मात्र जुन्या संगणकावर, इंटरनेटविना चालतं. जमा-नावे चोख, उधारीही सांभाळतं. पण मालाचा साठा आणि जीएसटी विवरणपत्र हे त्याचं काम नव्हे.

दोन्ही फुकट, म्हणजे परवान्यापुरती. ईआरपीनेक्स्टला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो, आणि तो काही फुकट येत नाही! पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्ही रुसणाऱ्या गावात ग्नूकॅश, साठ्याची वही आणि पेन ड्राइव्हवर रोजची प्रत, एवढं मला पुरेसं वाटतं. मात्र त्याआधी करसल्लागाराला विचारा: तुमची फाइल त्याच्या संगणकावर उघडेल ना?