फोर बाय फोर आहे म्हणून गाडी कुठूनही निघत नाही: पिकअप, पांदण आणि काळी माती

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांच्या गावात नेट दोन कांड्यांवरच अडकतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे राहून गेलं तेही यात घातलंय.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. दारव्हा तालुक्यात माझ्या मामाजींचं शेत आहे. तीन वर्षांआधीची गोष्ट. दिवाळी झाली होती, दुसरा वेचा घरात आला होता आणि आभाळ भरून आलं. भिजायच्या आत कापूस जिनिंगला पोचवायचा होता. मामाजींची जुनी फोर बाय फोर पिकअप मी घेतली. आदल्या रात्रीच्या पावसानं पांदणीत नुसता गारा झालेला. मी लिव्हर ओढला, गाडी चारही चाकांवर घेतली आणि भरलेला डाला घेऊन डांबरी रस्त्यावर आलो. काय खुश होतो मी! त्या खुशीत लिव्हर परत टाकायचाच राहिला.

वीसेक किलोमीटर तसाच गेलो. स्टिअरिंग जड लागत होतं, पण वाटलं, लोड आहे म्हणून असेल. जिनिंगच्या सिमेंटच्या आवारात गाडी वळवताना खालून ‘खाड्’ असा आवाज आला. मिस्त्री गाडीखाली गेला, बाहेर आला आणि एकच प्रश्न विचारला, "डांबरावर फोर बाय फोर चालवली काय, भाऊ?" पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला होता. कापसाच्या पैशातला मोठा हिस्सा दुरुस्तीत गेला. मामाजी काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

म्हणून हा भाग.

चारही चाकं फिरतात म्हणजे नेमकं काय होतं?

साधी पिकअप मागच्या चाकांवर चालते. डाला रिकामा असला की इंजिनाचं सगळं वजन पुढं आणि मागं नुसते पाटे. ओढणारी चाकं हलकी, म्हणून रिकामी पिकअप चिखलात लवकर गरगरते. भरलेली गाडी पकड घेते, पण काळ्या मातीत रुततेही. फोर व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केस नावाची पेटी इंजिनाची ताकद पुढच्या अ‍ॅक्सलकडेही पाठवते. पुढचं वजनही मग कामाला लागतं.

ही काही नवीन गोष्ट नाही. महिंद्रानं १९४७ पासून आपल्याकडे ज्या विलीज जीप जोडायला घेतल्या, त्यांत हेच होतं. मुख्य गिअरच्या बाजूला दोन छोटे लिव्हर, एक पुढची चाकं जोडायला आणि दुसरा लो गिअरला. आज काही गाड्यांत लिव्हर आहे, काहींत नुसतं बटण, पण पर्याय तेच तीन: टू-एच, फोर-एच आणि फोर-एल.

डांबरावर का नाही?

एक प्रयोग करा. सायकलचं चाक ओलं करून कोरड्या अंगणात वळण घ्या. मागं दोन रेघा दिसतील. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून, मागच्याची आतून. म्हणजे वळताना पुढचं चाक जास्त अंतर कापतं.

पिकअपच्या साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधलेले असतात. दोघांनी सारखंच फिरायचं. पण वळणावर अंतर सारखं नाही. मग कुणीतरी घसरायलाच पाहिजे. चिखलात, वाळूत, गिट्टीवर चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळतो. कोरडं डांबर घसरू देत नाही, मग तो सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना झटके बसतात, लिव्हर अडकतो.

असं झालं तर लिव्हरवर जोर काढू नका. मोकळी जागा बघून सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या. पीळ सुटतो, मग लिव्हर टाका. आणि चारही टायर एकाच मापाचे ठेवा. पुढं नवे आणि मागं गुळगुळीत किंवा वेगळ्या साइजचे असले, तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ पडतो.

फोर-एच कधी, फोर-एल कधी?

फोर-एच चिखलाच्या *आधी* टाका, फसल्यावर नाही. चाकं सरळ ठेवा. बटणवाल्या गाडीत चालतानाही टाकता येतं, पण किती वेगापर्यंत ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत बघा. जुन्या गाडीत पुढच्या चाकांच्या हबवर हातानं फिरवायचं लॉक असेल, तर आधी खाली उतरून ते लावा.

फोर-एल म्हणजे ताकद जास्त, वेग कमी. त्यासाठी गाडी उभी करून, क्लच दाबून लिव्हर बदलायचा. भरल्या गाडीनं खडा चढ चढायचा किंवा फसलेलं वाहन हळूच ओढायचं, तेव्हा हा गिअर. उतारावर तर सोनं! पहिल्या गिअरात इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. पण निसरड्या चिखलात फोर-एलचा पहिला गिअर घेतला, तर जास्त ताकदीनं चाकं जागीच फिरतात. तिथं दुसरा गिअर बरा.

आपली काळी माती

आपली कापसाची माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते. मग टायर चांगला असूनही गुळगुळीतच.

त्यामुळं आधी पायी चालून बघा. काठी खुपसून खाली कडक लागतं का ते पाहा. शिरल्यावर एकसारखा, मध्यम वेग ठेवा. मध्ये थांबू नका, गिअर बदलू नका. गाडी मंदावली तर स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवा, टायरची कड नवी पकड शोधते.

तरी चाक गरगरलं? पाय लगेच काढा. रेस देणं म्हणजे स्वतःसाठी खड्डा खणणं. इथं एक गंमत आहे. डिफरन्शियलला लॉक नसेल तर फोर बाय फोर असूनही पुढचं एक आणि मागचं एक चाक नुसतं फिरत राहतं, बाकीची दोन आरामात उभी. चाकापुढची माती काढा, पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या आडव्या टाका आणि आल्या वाटेनंच मागं घ्या. डाला रिकामा असेल तर टायरची हवा थोडी कमी केल्यानं पकड वाढते. पण भरल्या गाडीत हे करू नका, आणि डांबरावर यायच्या आधी हवा परत भरा.

ट्रॅक्टरनं ओढायचं असेल तर पट्टा चेसिसच्या हुकलाच लावा, बंपरला नाही. पट्टा ताणला की आजूबाजूच्या पोरांना लांब पाठवा. तुटलेला हुक गोळीसारखा येतो.

जे फोर बाय फोर करू शकत नाही

ते गाडी लवकर थांबवत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर फोर बाय फोरवाला आणि साधा, दोघं सारखेच घसरतात.

आणि ते पुरातून नेत नाही. २८ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात पुलावरून पाणी असताना एसटी बस वाहून गेली. माणसं गेली. बस आपल्या पिकअपपेक्षा कितीतरी जड. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते की वाहतं पाणी सुमारे एक फूट असलं तरी बहुतेक कार वाहून जातात, दोन फुटांत पिकअपही. गाडी तरंगायला लागली की चाकं जमिनीला टेकतच नाहीत. मग दोन फिरवा नाहीतर चार, काय फरक पडतो?

गेल्या पावसाळ्यात मामाजी आणि मी असेच नाल्याच्या काठावर उभे होतो. पलीकडं घर, दिवा दिसत होता. मी म्हटलं, "फोर-एल टाकू का?" मामाजींनी चावी काढून खिशात टाकली. "लेका, गाडीले चार चाकं हायेत, जीव एकच हाय." रात्र आम्ही डाल्यात ताडपत्रीखाली काढली. सकाळी पाणी उतरलं आणि दिसलं, पुलाचा एक कोपरा खचून गेला होता.

जाता जाता एक काम सांगतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-एच टाकून दोन-तीन किलोमीटर गाडी चालवा. आतलं तेल फिरतं, लिव्हर जाम होत नाही. आणि डांबर लागलं की पहिला हात लिव्हरवर. मी आता मोबाइल ठेवायच्या जागेवर चिठ्ठीच चिकटवलीय: ‘टू-एच केलं का?’

तुमची गाडी कुठं फसली होती आणि कशी निघाली, ते आवाजी मेसेज करून पाठवा. निवडक अनुभव पुढच्या भागात ऐकवू. भेटू मग!