‘तू’ म्हणजे पंधरा!

अलिबाग तालुक्यात खंडाळा नावाचे एक लहानसे गाव आहे. (घाटातले थंड हवेचे खंडाळे ते वेगळे.) दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास एका पौर्णिमेला तेथे कोकणातील बेने इस्रायली कुटुंबे जमतात. एलियाहू हनाबी, म्हणजे एलियाहू संदेष्टा, येथे येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. गोड पोहे, नारळ आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून प्रार्थना होते. या मंडळींची मातृभाषा मराठी आणि आडनावे दिवेकर, केहिमकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली. या दिवसाचे नाव मात्र हिब्रू आहे : ‘तू बिशवात’.

यातला ‘तू’ हा आपला ‘तू’ नव्हे. तो एक आकडा आहे, पंधरा! शवात महिन्याचा पंधरावा दिवस तो ‘तू बिशवात’. हिब्रू महिना चंद्रावर चालतो आणि अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाला सुरू होतो. तेव्हा पंधरावा दिवस पौर्णिमेच्या आसपास येणार, हे तुम्ही ओळखलेच असेल.

पण ‘तू’ म्हणजे पंधरा कसे? हिब्रू लिपीत 22 अक्षरे आहेत. पहिल्या नऊ अक्षरांना (आलेफ, बेथ, गिमेल... टेत) 1 ते 9 या किमती दिल्या. पुढच्या नऊ अक्षरांना (योद, काफ, लामेद...) 10, 20, 30 अशा 90 पर्यंत. उरलेली चार, कोफ, रेश, शीन आणि ताव, यांना 100, 200, 300, 400. संख्या लिहायची म्हणजे योग्य अक्षरे शेजारी मांडायची. वाचणारा त्यांची बेरीज करतो. या पद्धतीला शून्य लागतच नाही, कारण येथे अंकाच्या स्थानाला किंमत नाही.

एक उदाहरण सोडवू या. मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली बांधले. इसवी सनात 3760 मिळवले की हिब्रू वर्ष येते (त्यांचे नवे वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागते, त्यानंतर एक जास्त). म्हणजे 5556. हजार बहुधा गाळतात. उरले 556, म्हणजे ताव (400), कोफ (100), नून (50), वाव (6). झाले वर्ष लिहून!

आता पंधरा. सरळ नियमाने योद (10) आणि ‘हे’ (5) ही अक्षरे यायला हवीत. पण याच दोन अक्षरांनी देवाचे नाव सुरू होते. ‘हालेलुया’ या शब्दाच्या शेवटचा ‘या’ तोच. देवाचे नाव हिशेबाच्या कागदावर कसे लिहायचे? म्हणून 10 + 5 ऐवजी 9 + 6 लिहू लागले : टेत आणि वाव. ही दोन एकत्र वाचली की उच्चार होतो ‘तू’. सोळालाही हीच अडचण येते, म्हणून तेथे 9 + 7. अंकगणित तेच राहिले, श्रद्धेसाठी फक्त फोड बदलली. मला हा तोडगा फार आवडतो.

अक्षरांना अंक मानणे आपल्याकडेही होतेच. आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास आपल्या ग्रंथात ‘क’ ते ‘म’ या पंचवीस व्यंजनांना 1 ते 25 किमती दिल्या, आणि पुढे य = 30, र = 40, ल = 50, व = 60, श = 70, ष = 80, स = 90, ह = 100. स्वरांनी तो स्थान दाखवी. मोठाल्या संख्या श्लोकात बसवायच्या, तर ही युक्ती उपयोगाची होती.

येथवर केवळ लेखनाची सोय झाली. पण संख्यांना अर्थही चिकटतात. बेने इस्रायली कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. बायबलप्रमाणे देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. हिब्रूत वारांना ग्रहांची नावे नाहीतच : ‘पहिला दिवस’, ‘दुसरा दिवस’ असे सहापर्यंत मोजायचे आणि सातवा तो शब्बाथ. सात म्हणजे पूर्णता, हा अर्थ बंद घाण्याच्या रूपाने साऱ्या गावाला दिसत होता.

ज्यूंच्या वल्हांडण सणाला एक मोजणीचे गाणे म्हणतात. त्यात एक म्हणजे देव, दोन म्हणजे आज्ञांच्या शिळा, पाच म्हणजे तोरा हे धर्मग्रंथ, अकरा म्हणजे योसेफाच्या स्वप्नातले तारे, बारा म्हणजे इस्रायलचे वंश, असे तेरापर्यंत येते. आता आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतील भूतसंख्या पाहा : चंद्र 1, नेत्र 2, वेद 4, बाण 5, ऋतू 6, रुद्र 11, आदित्य 12. वस्तू वेगळ्या, पण युक्ती एकच.

बायबलात चाळीस वारंवार भेटतो. प्रलयाचा पाऊस चाळीस दिवस, मोशे पर्वतावर चाळीस दिवस, वाळवंटातली भटकंती चाळीस वर्षे. हा आकडा घड्याळ लावून मोजलेला नसावा. ‘असे छप्पन्न पाहिलेत’ किंवा ‘सतराशे साठ भानगडी’ म्हणताना आपण तरी कोठे मोजतो? प्रयोगशाळेतला 40 आणि कथेतला 40 यांत हा फरक आहे.

कधी अक्षरांची बेरीज खरोखर काही सांगूनही जाते. ख्रिस्ती बायबलच्या शेवटच्या पुस्तकात एका दुष्ट श्वापदाचा आकडा 666 दिला आहे. रोमचा क्रूर सम्राट नीरो याचे नाव हिब्रू अक्षरांत ‘नेरोन केसर’ असे लिहा : 50 + 200 + 6 + 50 आणि 100 + 60 + 200. एकूण 666! योगायोग म्हणाल? पण काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा 616 आहे. आणि नावातला शेवटचा ‘न’ (50) गाळून ‘नेरो’ लिहिले, तर बेरीज 616 च येते. एकाच कल्पनेने दोन्ही आकडे उलगडतात, म्हणून अनेक अभ्यासकांना ती पटते.

गडबड होते ती पुढे. 1994 साली विट्झटम, रिप्स आणि रोझेनबर्ग या तिघांनी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात दावा केला की, बायबलच्या पहिल्या पुस्तकातील ठरावीक अंतरावरची अक्षरे उचलत गेले, तर कितीतरी शतकांनंतरच्या धर्मपंडितांची नावे आणि त्यांच्या तारखा जवळजवळ सापडतात. 1997 मध्ये ड्रॉस्निन या अमेरिकन पत्रकाराने या विषयावर पुस्तक लिहून खळबळ उडवली आणि टीकाकारांना आव्हान दिले : ‘मोबी डिक’ या कादंबरीत एखाद्या पंतप्रधानाची हत्या शोधून दाखवा! ब्रेंडन मॅके या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाने तीत एक सोडून अनेक हत्या शोधल्या. त्यात इंदिरा गांधींचीही होती! व्हेल माशाच्या शिकारीच्या या कादंबरीत 1851 सालीच हे भविष्य लिहिले होते म्हणायचे काय? 1999 मध्ये मॅके आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात मूळ दावाही खोडून काढला. नावे कशी लिहायची आणि कोणती घ्यायची, या निवडीत इतकी मोकळीक होती की हवे ते जुळवता येत होते.

मोकळीक काय करते ते स्वतःच अनुभवा. आर्यभटाच्या किमती घ्या, स्वर सोडून द्या. गणित : 3 + 15 + 16 = 34. दगड : 18 + 3 + 13 = 34. बूट : 23 + 11 = 34. बेट? तेही 34! परीक्षेच्या आदल्या रात्री ‘गणित म्हणजे दगड’ हे कुणाला पटेलही. पण मग गणित म्हणजे बूट हेही मान्य करावे लागेल.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला, अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात अठरा धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्थितीवरून पाऊस-पिकांचे भाकीत सांगतात. हे ऐकून कुणी पेरणीचा निर्णय घेत असेल, तर प्रश्न घरच्या धान्याचा आहे. तरी येथे एक सोय आहे : भाकीत आधी सांगितलेले असते. दिवाळीपर्यंत ते वहीत लिहून ठेवा आणि पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून पाहा. घटना घडून गेल्यावर शोधलेल्या ‘गुप्त संदेशा’ची अशी परीक्षा घेताच येत नाही.

तुमच्या वर्गातही हे करून पाहा. चाळीस मुलांच्या नावांच्या बेरजा काढा. चाळीस नावांच्या जोड्या होतात 780, आणि बेरजा बहुधा दोनशे-अडीचशेच्या आतच राहतात. समान बेरजेच्या जोड्या किती मिळतील याचा अंदाज आधी फळ्यावर लिहा, मगच बेरजा करायला बसा. जुळलेल्या दोघांचे जमते की रोज भांडण होते, हे वर्गाला विचारा; पण तेही बेरजा जाहीर करण्यापूर्वी.