घनता व एककांचे रूपांतरण

पदार्थाच्या एकक घनफळातील वस्तुमानास त्याची घनता म्हणतात. वस्तुमानास घनफळाने भागले असता घनता मिळते. यांपैकी कोणत्याही दोन राशी ज्ञात असल्यास तिसरी काढता येते. तथापि सर्व राशी परस्परांशी जुळणाऱ्या एककांत असणे आवश्यक असते.

घनतेचे आंतरराष्ट्रीय पद्धतीतील एकक किग्रॅ./घ. मी. असून प्रयोगशाळेत ग्रॅ./घ. सेंमी. हे अधिक सोयीचे ठरते. १ मी. म्हणजे १०० सेंमी. असल्याने १ घ. मी. म्हणजे १०० नव्हे, तर १०,००,००० घ. सेंमी. होतात. त्यामुळे १ ग्रॅ./घ. सेंमी. = १,००० किग्रॅ./घ. मी. हे समीकरण मिळते. १ मिलि. व १ घ. सेंमी. ही घनफळे समान आहेत. घनता तापमानानुसार बदलत असल्याने तापमानाचा उल्लेख करणे इष्ट असते.

उदा., ५०० ग्रॅ. शुद्ध सल्फ्यूरिक अम्ल असलेले संहत अम्ल मोजून घ्यावयाचे आहे. त्यातील अम्लाचे प्रमाण वजनी ९८% व त्याची घनता १.८४ ग्रॅ./मिलि. आहे. येथे ५०० ला ०.९८ ने भागून संहत अम्लाचे वस्तुमान ५१०.२ ग्रॅ. येते व त्यास १.८४ ने भागून घनफळ सु. २७७ मिलि. मिळते. ग्रॅ. ÷ (ग्रॅ./मिलि.) = मिलि. अशी एककेही सोबत लिहिल्यास गुणावे की भागावे, हे आपोआप ठरते.

एककांकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसून आले. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनमापक बंद असल्याने टाकीतील इंधन पट्टी बुडवून मोजले गेले. ते ७,६८२ लि. होते व प्रवासास २२,३०० किग्रॅ. इंधन हवे होते. इंधनाची घनता ०.८०३ किग्रॅ./लि. असता गणितात १.७७ हा आकडा घेतला गेला, तो पौंड/लि. मधील होता. परिणामी सु. २०,०९० लि. ऐवजी सु. ४,९२० लि. इंधनच भरले गेले. उड्डाणादरम्यान दोन्ही एंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली येथील वापरातून गेलेल्या हवाई दलाच्या धावपट्टीवर उतरविले व सर्व ६९ जण बचावले. लि. × (पौंड/लि.) = पौंड एवढे लिहिले असते, तरी ही चूक तत्काळ लक्षात आली असती.