संगणकातील बिघाड व त्यापासून मिळणारा बोध

संगणकावर चालणाऱ्या सेवेत बिघाड झाला म्हणजे ती चालविणाऱ्या अभियंत्यांवर दोन कर्तव्ये येऊन पडतात. सेवा त्वरेने पूर्ववत् करणे हे पहिले. बिघाडाचे मूळ शोधून त्याची पुनरावृत्ती टाळणे हे दुसरे. ही कर्तव्ये कशी पार पाडावीत, हे २०१७ सालच्या एका घटनेवरून चांगले समजते.

संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. जगभरचे आज्ञावलीकार ज्या सेवांच्या साहाय्याने आपल्या आज्ञावली जतन करतात, त्यांपैकी ‘गिटलॅब’ ही एक होय. वापरणाऱ्यांची खाती, त्यांचे अभिप्राय इत्यादी नोंदींचा तिचा साठा एका मुख्य संगणकावर असे, व दुय्यम संगणक त्याची सतत नक्कल करी. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री भार वाढल्यामुळे दुय्यम संगणक मागे पडला. त्यावरील साठा पुसून नव्याने नक्कल घ्यावी, या हेतूने एका अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली; ती चुकून मुख्य संगणकावर दिली गेली. एकदोन सेकंदांत चूक ध्यानात आली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट माहिती उरली होती.

आता भिस्त राखीव प्रतींवर होती. परंतु रोजची प्रत घेणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची व साठा नव्या आवृत्तीचा असल्याने ती प्रत निघतच नव्हती. तसे कळविणारे इशारे ई-टपालाने धाडले जात. पण तेही टपालव्यवस्थेने नाकारले होते. अखेर त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी एका चाचणीसाठी घेतलेली प्रत कामी आली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सेवा पुन्हा सुरू झाली. मधल्या तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. त्यांत सुमारे ७०० नवी खाती होती.

दुरुस्ती चालू असतानाच तिची हकीकत सर्वांस खुली ठेवण्यात आली होती. पुढे प्रसिद्ध झालेल्या अहवालात अभियंत्याचे नाव नव्हते. ‘सदस्य क्रमांक १’ एवढाच उल्लेख होता. यामागे व्यावहारिक कारण आहे. शिक्षेचे भय असल्यास माणूस घडलेले लपवितो, आणि चौकशीस खरी हकीकत मिळत नाही. जपानच्या टोयोटा कारखान्यात रुळलेल्या पद्धतीप्रमाणे अहवालात ‘का?’ हा प्रश्न पुनःपुन्हा विचारलेला आहे. साठा का पुसला गेला? प्रती का नव्हत्या? इशारे का पोहोचले नाहीत? प्रती तपासण्याची जबाबदारी कोणा एकाकडे सोपविलेलीच नव्हती, असे त्यातून निष्पन्न झाले.

त्यावरून उपाय ठरले: निरनिराळे संगणक पडद्यावर सहज ओळखू यावेत, राखीव प्रतीवरून साठा खरोखर उभा राहतो की नाही, याची नियमित परीक्षा व्हावी, आणि साठ्याच्या सुरक्षिततेचा भार निश्चित व्यक्तीवर असावा. माणसाच्या हातून चूक होणारच, हे गृहीत धरून केलेली व्यवस्थाच अशा रात्री टिकाव धरते.